भीड आणि भीती: पीटर वीअरचे भूत नसलेले भयपट

सकाळची वेळ. नवरा कामावर गेलाय, बायको घरी एकटी, प्रबंधाचे कागद पसरून बसलेली. बेल वाजते. दारात एक तगडा, हसतमुख प्लंबर. बाथरूमचे पाइप बघायचेत म्हणतो, नेहमीचीच तपासणी आहे म्हणतो. तिनं कुणाला बोलावलेलं नाही. घरात काही गळत नाही, काही तुंबलेलं नाही. तरी ती बाजूला होते आणि त्याला आत घेते. थोड्या वेळानं आतून शॉवरचा आवाज येऊ लागतो. हा बाबा तिच्या बाथरूममध्ये चक्क अंघोळ करतोय.

मग तो पुन्हा पुन्हा येत राहतो. भिंत फोडतो, पाइप उखडतो, आत बसून गाणी म्हणतो. आपण तुरुंगात होतो असं सांगतो आणि तिचा चेहरा पडल्यावर गंमत केली म्हणून हसतो. सव्वा तासाच्या या चित्रपटात सुरा नाही, रक्त नाही, भूत तर नाहीच. तरी पाहताना पोटात गोळा येतो. त्याला 'चालता हो' म्हणायची संधी तिला दर खेपेला असते आणि दर खेपेला तिच्या तोंडून ते निघत नाही. बरं दिसणार नाही. उगाच संशय घेतल्यासारखं होईल. एवढा हसून बोलतोय.

'द प्लंबर' नावाचा हा चित्रपट पीटर वीअरनं १९७९ साली ऑस्ट्रेलियन टीव्हीसाठी केला. वीअर आपल्याकडे माहीत आहे तो 'द ट्रूमन शो' आणि 'डेड पोएट्स सोसायटी'मुळे. २०२२ साली त्याला मानद ऑस्कर मिळालं तेव्हाही बोलणं झालं ते बहुतेक त्याच्या हॉलिवूडमधल्या कामाबद्दल. पण १९७१ ते १९७९ या काळात, सिडनीचा हा तरुण कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून, टीव्हीवर विनोदी प्रहसनं करत करत सिनेमात आला आणि त्यानं काही अशा विचित्र फिल्म्स केल्या, की त्यांना भयपट म्हणावं की विनोदी की आणखी काही, हे ठरवणं आजही अवघड जातं.

मला त्यांची किल्ली सापडली ती एका मराठी शब्दात. भीड. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण असते. वीअरकडे ती भीतीची बहीण आहे. त्याच्या चित्रपटांत संकट दार तोडून येत नाही, बेल वाजवून येतं, आणि सुसंस्कृत माणसं त्याला 'या, बसा' म्हणतात.

आधी थोडं मागे जाऊ, कारण हे चित्रपट ऑस्ट्रेलियातच आणि तेव्हाच का झाले ते कळल्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. जगातल्या अगदी पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटांपैकी एक, 'द स्टोरी ऑफ द केली गँग', १९०६ साली ऑस्ट्रेलियातच बनला होता. नंतर मात्र थिएटरं अमेरिकी आणि ब्रिटिश चित्रपटांनी भरली आणि साठच्या दशकापर्यंत देशी चित्रपट जवळजवळ संपला. १९७० मध्ये जॉन गॉर्टन यांच्या सरकारनं चित्रपटांना पैसा पुरवण्यासाठी एक महामंडळ काढलं, आणि १९७२ नंतर गॉफ व्हिटलम यांच्या सरकारनं हात आणखी सैल सोडला. अचानक पंचविशी-तिशीतल्या पोरांच्या हाती कॅमेरे आले. त्यांना शिकवणारी मागची पिढी नव्हती, आणि 'असं नाही करायचं' म्हणून कान धरणारीही नव्हती.

या पोरांना भयपट करायचे तर अडचण होती. आपल्या भुताच्या गोष्टींना पडका वाडा लागतो, विहीर लागते, पिंपळ लागतो. युरोपातल्या गोष्टींना किल्ला आणि तळघर लागतं. मुद्दा एकच: तिथं आधी कुणीतरी राहून गेलेलं असावं लागतं, आणि त्याचं काहीतरी वाईट झालेलं असावं लागतं. गोऱ्या ऑस्ट्रेलियनांचा वसाहतीचा इतिहास १७८८ पासूनचा. आम्ही आलो तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, असं कायदाही मानत होता. जिथं आधी कुणी नव्हतंच तिथं भूत कुणाचं असणार? खरं तर तिथं किमान ५० हजार वर्षं माणसं राहत आली होती, आणि वसाहतीत त्यांचं काय झालं हे सगळ्यांना आतून माहीत होतं. अभ्यासक ज्याला 'ऑस्ट्रेलियन गॉथिक' म्हणतात ती परंपरा इथून निघते. तिच्यात वाड्याची जागा जमीनच घेते. भर उन्हातली, मोकळी, सुंदर जमीन.

वीअरचा 'होम्सडेल' हा १९७१ चा, सुमारे ५० मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट त्या मानानं घरगुती आहे. बेटावरच्या एका अतिथीगृहात पाहुणे येतात आणि तिथला स्टाफ त्यांच्या दबलेल्या इच्छांना खेळ म्हणून मोकळी वाट करून देतो. त्यातल्या एका मवाळ, सगळ्यांची बोलणी खाणाऱ्या पाहुण्याच्या हातून शेवटी खून होतो. कच्चं काम आहे, काही विनोद आता शिळे वाटतात. पण पुढच्या सगळ्या गोष्टींचं बी यात आहे: गोड बोलणारी व्यवस्था आणि 'नाही' न म्हणू शकणारा माणूस.

ते बी 'द कार्स दॅट एट पॅरिस'मध्ये, म्हणजे १९७४ साली, उगवून वर आलं. नाव ऐकून फ्रान्स डोळ्यांपुढे येतं, पण हे पॅरिस ऑस्ट्रेलियातलं एक काल्पनिक खेडं आहे. चित्रीकरण न्यू साउथ वेल्समधल्या सोफाला इथं झालं. १८५१ च्या सोन्याच्या लाटेत वसलेलं आणि सोनं संपल्यावर मागे राहिलेलं हे गाव. कल्पना मात्र खरोखर फ्रान्समध्येच सुचली. वीअर तिथं गाडीनं फिरत असताना रस्त्यावरच्या पाट्यांनी त्याला मुख्य रस्ता सोडून आडवाटेवरच्या विचित्र गावांतून फिरवलं. पाटीवर बाण होता, तो वळला. आपण सगळेच वळतो. ती पाटी कुणी लावली, हे गाडी थांबवून कोण विचारतं?

चित्रपटातल्या पॅरिसचा धंदा असा: रात्री घाटाच्या रस्त्यावर परक्या गाड्यांना अपघात होईल अशी व्यवस्था करायची आणि मग गाडी सोलून घ्यायची. टायर एकाचे, रेडिओ दुसऱ्याचा, कपडे तिसऱ्याचे. गावात अशा वस्तूंच्या बदल्यात वाणसामानही मिळतं. जे प्रवासी वाचतात त्यांच्यावर गावचा डॉक्टर मेंदूचे प्रयोग करतो, आणि बुद्धी किती उरली त्यावरून त्यांची 'पूर्ण' किंवा 'अर्धा' अशी वर्गवारी होते. अनाथ झालेल्या मुली महापौरांनी दत्तक घेतल्यात. रविवारी सगळे चर्चला जातात.

आर्थर नावाचा एक बुजरा तरुण अशाच अपघातातून वाचतो. भाऊ मेलाय. पूर्वी त्याच्या गाडीखाली एक म्हातारा गेलेला असल्यामुळे त्याला स्टिअरिंगला हात लावायचीही भीती वाटते. महापौर त्याला घरी नेतात, मुलासारखं वागवतात, नोकरी देतात. आधी इस्पितळात मदतनीस, मग पार्किंगवर लक्ष ठेवणारा अधिकारी, दंडावर पट्टी वगैरे. गावात काय चाललंय ते आर्थरला हळूहळू कळतं, पण इतक्या चांगल्या माणसांना विचारायचं कसं? उपकाराचं ओझं हे बेडीपेक्षा पक्कं असतं, हे वीअरनं फार कमी शब्दांत दाखवलंय. जॉन मेलननं रंगवलेला महापौर तर आपण कुठल्याही गावात पाहिलेला आहे: खांद्यावर हात, 'आपलाच माणूस' हा शब्द ओठांवर, आणि नजर हिशेबावर.

गावच्या तरुण पोरांनी त्याच भंगारातून राक्षसी गाड्या बनवल्यात. त्यातली अंगभर लोखंडी काटे लावलेली फोक्सवॅगन बीटल एकदा पाहिली की विसरत नाही. शेवटी गावाच्या वार्षिक नाचाच्या रात्री या गाड्या गावावरच तुटून पडतात. २०१५ च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मधल्या काटेरी गाड्या पाहताना मला हीच बीटल आठवत होती. अमेरिकेत या चित्रपटाला कात्री लावून, वेगळं नाव देऊन तो विकायचा प्रयत्न झाला आणि फसला. विनोद आणि भय एकाच ताटात वाढलेलं तेव्हा तिथं कुणाला पचलं नाही.

आणि मग १९७५. 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक'.

गोष्ट चार ओळींची आहे. १४ फेब्रुवारी १९००. मेलबर्नच्या वायव्येला असलेल्या हँगिंग रॉक या खडकाळ टेकडीवर मुलींच्या एका निवासी शाळेची सहल जाते. दुपारी चार मुली वर चढतात. एक किंचाळत परत येते. बाकी तिघी आणि गणिताच्या बाई नाहीशा होतात. आठवड्यानं एक मुलगी जिवंत सापडते, तिला काही आठवत नाही. उरलेल्या तिघी कधीच सापडत नाहीत, आणि का, ते चित्रपट सांगत नाही.

रहस्यकथा हा लेखक-वाचकातला एक व्यवहार असतो. लेखक गाठ मारतो, शेवटी सोडवून दाखवतो, म्हणून तर आपण मधले दोनशे पानांचे हेलपाटे सोसतो. वीअरनं हा व्यवहार मोडला, पण फसवून मोडला नाही. सुरुवातीच्याच पाटीवर तो सांगून टाकतो की या सहलीतल्या काही जणी मागमूस न ठेवता नाहीशा झाल्या. ज्या नाहीशा होणार आहेत त्यांना आपण जेवताना, हसताना, झोपताना पाहतो, आणि प्रत्येक साधी गोष्ट जड होत जाते. तरीही एका अमेरिकी वितरकानं चित्रपट संपल्यावर हातातला कॉफीचा कप पडद्यावर भिरकावला, असं वीअरनं सांगितलं आहे. उत्तर नसलेल्या कोड्यावर दोन तास गेले म्हणून.

लोकांना ही सत्यघटना वाटते. तशी ती नाही. मूळ कादंबरी जोन लिंडसे यांची, १९६७ ची, आणि हे खरं की खोटं असं विचारल्यावर त्या हसून विषय बदलत. चित्रपटात तो दिवस शनिवार आहे. १९०० सालचं कॅलेंडर काढलं तर १४ फेब्रुवारीला बुधवार येतो. लिंडसेंनी शेवटचं, उलगडा करणारं प्रकरण लिहिलं होतं. छापण्याआधी ते काढलं गेलं, आणि त्यांच्या निधनानंतर १९८७ साली वेगळं प्रसिद्ध झालं. ज्यांना उत्तर हवंच असेल त्यांनी ते जरूर वाचावं. वाचून झाल्यावर कोडंच बरं होतं असं म्हणाल, ही माझी खात्री.

दिवसाढवळ्या, बारा वाजता, कडक उन्हात भीती वाटायला लावणं ही सोपी गोष्ट नाही. ती कशी साधली? छायाचित्रणकार रसेल बॉइड यांनी लेन्सवर नवरीच्या ओढणीची जाळी लावली. त्यानं ऊन मऊ झालं, कडा विरघळल्या, आणि सगळं जुन्या फोटोसारखं, कुणाच्या तरी आठवणीतलं दिसू लागलं. गेओर्गे झाम्फीर या रोमानियन वादकाच्या पॅन फ्लूटचे, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या नळ्यांच्या बासरीचे, सूर आहेत, पण खरी करामत त्यांच्या खाली आहे. वीअरनं भूकंपाच्या ध्वनिमुद्रणांचा वेग कमी करून तो खर्ज खडकांच्या दृश्यांमागे मिसळला. आवाज येतोय हे कानाला कळतही नाही. छातीला कळतं. लांब कुठंतरी ट्रक सुरू करून उभा असला की खोलीत कसं उगाच अस्वस्थ वाटतं, तसं.

खडक स्वतःही काम करतो. तो ज्वालामुखीतून वर आलेल्या घट्ट लाव्ह्याचा, सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीचा. खालून बघितलं तर त्यात चेहरे दिसतात, आणि वीअर कॅमेरा त्या चेहऱ्यांवर नको इतका वेळ ठेवतो. टेकडीच्या पायथ्याशी घड्याळं बाराला थांबतात. मराठी वाचकाला याचं स्पष्टीकरण लागूच नये, आपल्याकडे याला चकवा म्हणतात. रानात चकवा लागला की पायाखालची वाट फिरून फिरून त्याच जागी आणते, वेळेचं भान जातं, हाक मारली तरी माणूस वळत नाही. वर चढणारी मिरँडा आणि तिच्या मैत्रिणी नेमक्या तशाच चालतात. मागून एडिथ, म्हणजे किंचाळत परत येणारी ती मुलगी, त्यांना जिवाच्या आकांतानं हाका मारते, आणि एकही मान वळत नाही.

आणि भीड? ती तर या चित्रपटात शिवून घातलेली आहे. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. त्या उन्हात मुली लांब बाह्यांचे पांढरे झगे, आत कंबर आवळणारं कॉर्सेट, हातमोजे घालून निघतात. मुख्याध्यापिका मिसेस ॲपलयार्ड मोठी मेहरबानी करून सांगतात की गाडी वुडएंड गाव पार करून गेली की हातमोजे काढलेत तरी चालेल. वर चढताना मुली बूट आणि मोजे काढतात. सापडलेल्या मुलीच्या अंगावर कॉर्सेट नसतं. एडिथनं गणिताच्या बाईंना स्कर्टशिवाय वर जाताना पाहिलंय, पण हे पोलिसांना सांगायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शोधातला एवढा मोठा धागा, आणि तो आधी लाजेच्या दाराशी अडून उभा. पुढे सापडलेली मुलगी वर्गमैत्रिणींचा निरोप घ्यायला येते तेव्हा त्या शिस्तीत वाढलेल्या पोरी तिच्यावर अक्षरशः तुटून पडतात: सांग, काय झालं सांग! संपूर्ण चित्रपटात मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते या दृश्यानं.

एक गमतीची गोष्ट. दिग्दर्शकाची आवृत्ती म्हटलं की चित्रपट वीस मिनिटांनी वाढलेला असतो. १९९८ मध्ये वीअरनं आपल्या या चित्रपटाची आवृत्ती काढली ती काही मिनिटं कमी करून.

१९७७ च्या 'द लास्ट वेव्ह'पाशी माझं सूत्र जरा ताणावं लागतं. सिडनीतला एक कर-वकील, डेव्हिड बर्टन, खुनाचा आरोप असलेल्या काही आदिवासी तरुणांचं वकीलपत्र घेतो. भूमिका रिचर्ड चेंबरलेनची. मेलेल्या माणसाच्या फुप्फुसात थोडं पाणी सापडलंय, पण बुडून मरावं इतकं ते नाही. कायद्याचा प्रश्न असा की शहरात राहणाऱ्या आदिवासींना जमातीचा नियम लागू होतो का? शहरात जमाती उरल्याच नाहीत असं सगळे सांगतात, आरोपीसुद्धा. आणि दुसरीकडे पाणी सगळीकडून आत येतंय. वाळवंटाकडच्या शाळेवर निरभ्र आकाशातून गारा कोसळतात. जिन्यावरून पाणी उतरतं. गाडीच्या रेडिओतून पाणी वाहू लागतं, या एका साध्या दृश्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन.

ही कल्पना वीअरला ट्युनिशियात सुचली. तिथल्या जुन्या अवशेषांत फिरताना आपल्याला काहीतरी सापडणार असं त्याला आधी जाणवलं, आणि मग खरोखर दगडात कोरलेलं एक लहान डोकं सापडलं. हे कलाकाराच्या ऐवजी पक्क्या तर्कनिष्ठ माणसाला, समजा एखाद्या वकिलाला झालं तर?

१९६८ साली मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी रेडिओवरच्या व्याख्यानांत 'ऑस्ट्रेलियाचं महान मौन' असा शब्दप्रयोग केला होता. मूळ रहिवाशांविषयी काही बोलायचंच नाही, ही अख्ख्या राष्ट्राची सवय त्यांनी त्यात पकडली. एका घराची भीड आपण समजू शकतो. ही देशाची भीड. डेव्हिडच्या घरी दोन आदिवासी पाहुणे जेवायला येतात, गोरी बायको अवघडून बसते, गप्पा खुंटतात, आणि त्या शांततेत ते मौन ऐकू येतं. पाहुण्यांतला वृद्ध चार्ली डेव्हिडला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: तू कोण आहेस? ही भूमिका करणारे नांदजिवारा अमागुला हे ग्रूट आयलंट बेटावरच्या समाजातले खरेखुरे ज्येष्ठ होते, आणि त्यांच्या नजरेला अभिनयाची गरज पडत नाही. आरोपींपैकी तरुण क्रिस झालाय डेव्हिड गुल्पिलिल.

इथं मला एक खटकतं तेही सांगतो. आदिवासी पात्रं शेवटी गोऱ्या नायकाच्या आत्मशोधाचं साधन होऊन राहतात. गूढ त्यांच्याकडे, गोष्ट मात्र त्याची. आजचा प्रेक्षक हे सोडणार नाही आणि सोडूही नये. तरी शहराच्या गटारांखालून बाहेर पडलेला डेव्हिड समुद्राकाठी गुडघे टेकतो आणि समोर लाट उभी राहते, ती खरी की मनातली हे कळायच्या आत चित्रपट संपतो, तेव्हा टीकेचे शब्द थोडा वेळ सुचत नाहीत.

या लाटेनंतर पुन्हा बाथरूमकडे यायचं म्हणजे उतरण वाटेल, पण 'द प्लंबर' मला या सगळ्यांत जास्त धारदार वाटतो. ॲडलेडमधला विद्यापीठाचा फ्लॅट, दोन-चार पात्रं, एक बाथरूम. दार उघडणारी ती बायको, जिल, मानववंशशास्त्राची अभ्यासक आहे, न्यू गिनीत राहून आलेली. तिथं एक मांत्रिक तिच्या तंबूत येऊन मंत्र म्हणत बसला होता आणि शेवटी असह्य होऊन तिनं त्याच्या तोंडावर दुधाचं भांडं फेकलं होतं, हे ती स्वतः सांगते. परक्या समाजाच्या चालीरीती वाचणारी ही बाई आपल्याच शहरातला, आपलीच भाषा बोलणारा, दुसऱ्या वर्गातला पुरुष वाचू शकत नाही. नवऱ्याला वाटतं ती उगाच बाऊ करतेय. त्याचं लक्ष परदेशातून येणाऱ्या बड्या पाहुण्यांवर आहे. मैत्रिणीला तर प्लंबर मॅक्स गोड वाटतो. पाहुणे जेवायला आलेले असताना त्यांच्यातला एक जण त्या अर्धवट तोडलेल्या बाथरूममध्ये अडकतो, तेव्हा हसावं की ओरडावं कळत नाही.

मॅक्सचीही बाजू आहे, आणि ती वीअर लपवत नाही. शिकलेली माणसं आपल्याशी कशी बोलतात ते तो ओळखून आहे. त्याचा प्रत्येक विनोद एक चाचणी असतो. जिल हसली तर ती त्याला कमी लेखते असं होतं, नाही हसली तर आढ्यता. तो धोकादायक आहे की नुसता आगाऊ, हे शेवटपर्यंत पक्कं कळत नाही.

मग जिल भीड सोडते. ओरडून नाही, हाकलून नाही. ती आपलं घड्याळ गुपचूप त्याच्या गाडीत ठेवते आणि पोलीस त्याला चोर म्हणून पकडतात. खालून तो तिच्या नावानं शिव्या देत ओरडतोय. ती वर उभी राहून शांतपणे बघतेय, आणि आता आपल्याला भीती वाटते ती नेमकी कुणाची, हे ठरवेपर्यंत पडदा काळा होतो.